शेवटची पायरी आणि रिक्षाची रांग

माझी धाकटी जाऊ नोकरी करते. सकाळी सातला घर सोडते, संध्याकाळी साडेसातला परत. दारात चपला काढताना तिच्या खांद्याला पर्स असते आणि हातात एक कापडी पिशवी. पिशवीत सोललेले मटार, नाहीतर निवडलेली मेथी, मोड आलेले मूग, सासूबाईंच्या देवासाठी फुलांची पुडी. परवा तर फॉल-बिडिंगला टाकलेली साडीसुद्धा त्याच पिशवीतून आली. ही सगळी खरेदी डोंबिवली स्टेशनच्या जिन्याची शेवटची पायरी आणि रिक्षाची रांग यांच्यामधल्या पन्नास-साठ पावलांत होते. पिशवी ओट्यावर आली की अर्ध्या-पाऊण तासात पानं मांडलेली! घरातले पुरुष जेवताना म्हणतात, "आज मटार छान आहेत हं." त्या पन्नास पावलांचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्या मनात यायचा, पण उलटा. आज तेच कबूल करायला बसले आहे.

२९ सप्टेंबर २०१७ हा दिवस तुम्हाला आठवत असेल. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आता त्याचं नाव प्रभादेवी आहे) पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. ऑफिसला निघालेली, डबा घेतलेली, तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी माणसं. त्यानंतर तीनच आठवड्यांत दिवाळी होती. सासूबाईंना घेऊन मी ठाण्याला नणंदेकडे फराळाला गेले होते. परतताना आमच्या पुलावर दोन्ही कडांना रांगोळीचे ढीग, पणत्या, कंदील, मोबाइलची कव्हरं. मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. तेवढ्यात समोरून गाडीची गर्दी आली. सासूबाईंचा गुडघा दुखरा. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की घरी आल्यावर पाहिलं तर वळ उठलेले. पाचच मिनिटं असतील, पण त्या पाच मिनिटांत मी त्या जिन्याचे फोटो आठवत होते.

दुसऱ्या दिवशी मी महिला मंडळात उभी राहिले. "स्टेशन परिसर फेरीवालामुक्त करा" असा अर्ज लिहिला (बी.ए.ला मराठी होतं, त्याचा उपयोग अर्ज लिहिण्यापुरता नक्की होतो!) आणि आठ दिवस दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या. एका दारात नाही म्हणून ऐकलं नाही. तेवढ्यात १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही आला. रेल्वे स्टेशनपासून दीडशे मीटरच्या आत फेरीवाले बसणार नाहीत. आम्ही पेढे वाटले. ठाणे, कल्याण, डोंबिवली, सगळीकडे रस्ते मोकळे झाले. स्टेशनपासून फडके रोडपर्यंत कोणाला कोपर न लागता चालत गेले, त्याचा केवढा आनंद झाला होता मला!

तो आनंद जावेनं मोडला. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. रात्री भांडी आवरताना एवढंच म्हणाली, "वहिनी, सह्या घेताना मलाही विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी नाही. तुम्ही सकाळी अकराला निवांत मंडईत जाता. मी साडेसातला उतरते. आता भाजीसाठी उलट्या दिशेला जायचं, परत येऊन रिक्षाच्या रांगेत शेवटी उभं राहायचं. घरी यायला सव्वाआठ. लेकाचा अभ्यास घ्यायचा माझा वेळ गेला की हो त्यात."

खरंच विचारलं नव्हतं. सह्या मी दुपारी गोळा केल्या होत्या. दुपारी घरी कोण असतं? माझ्यासारख्याच. ज्या बाया रोज तो जिना उतरतात, त्या सगळ्या तेव्हा कामावर होत्या. आमच्या कागदावर त्यांची एकही सही नव्हती आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसरी एक बाई मला त्याच सुमारास दिसेनाशी झाली. कसाऱ्याच्या बाजूच्या पाड्यावरून येणारी एक मावशी. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळं घेऊन यायची, मग टाकळा, कुरडू, कर्टोली, श्रावणात पत्री आणि केळीची पानं, थंडीत वालाच्या शेंगा. आमच्या माहेरी शेवळं कोणी खात नाही. ती मी डोंबिवलीत येऊन शेजारच्या कायस्थ काकूंकडून शिकले, आणि शेवळाबरोबर काकडं घालावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, हे ही मावशी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगायची. काकडं वाट्यात मोफत द्यायची. दोन-अडीच महिन्यांनी ती मला स्टेशनपासून लांब, एका बंद शटरसमोर बसलेली दिसली. टोपलीतल्या शेंगा तशाच. मी म्हटलं, "मावशी, इथं कशाला? मंडईत बसायचं." तर म्हणाली, "मंडईत आमाला कोन बसू देतंय, ताई? तिथं ज्याची त्याची जागा हाये. रेल्वेनं यायचं, रेल्वेनंच जायचं. डोक्यावर भारा घिऊन कुठवर हिंडू? साडेआठची चुकली तर पाड्यावर जायाला वाहन न्हाई."

पाट्या-टोपल्या घेऊन कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांनी येणाऱ्या या बायका कल्याण, डोंबिवली, ठाणे, कुठल्याही स्टेशनबाहेर तुम्हाला दिसतील. त्यांची भाजी जंगलातली, गिऱ्हाईक गाडीतलं. स्टेशन हीच त्यांची मंडई, कारण त्या स्वतःच गाडीनं येतात. दीडशे मीटर हे अंतर आपल्याला काहीच नाही. डोक्यावर भारा असलेल्या साठीच्या बाईला आणि खांद्याला पर्स लटकवून धावणाऱ्या तिशीच्या बाईला ते फार आहे.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीतच आहे. काही महिन्यांनी एकेक जण परतला. पण कसा? एक डोळा गिऱ्हाइकावर, एक डोळा गाडीवर. 'गाडी आली' अशी हाक आली की चादरीची चार टोकं उचलून पळायचं. पळणारा माणूस कुठं पळतो? जिथं गर्दी आहे तिथंच, जिन्यावर! म्हणजे ज्या पुलासाठी आम्ही सह्या केल्या, तो मोकळा झालाच नाही. आणि ज्यांना हक्काची दोन हात जागा मिळायला हवी होती त्यांना तीही नाही. मधल्या मध्ये कोणाचे खिसे भरतात ते मी लिहायला नको.

एल्फिन्स्टनच्या चौकशीत पाऊस आणि अचानक झालेली गर्दी ही कारणं पुढं आली होती. जिना अरुंद होता, माणसं अफाट. नवा पूल बांधायला शेवटी लष्कराला बोलवावं लागलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथला पूल खुला झाला तेव्हा आपल्या आंबिवलीलाही लष्करानं बांधलेला पूल मिळाला. पूल रुंद हवेत, जिने जास्त हवेत आणि त्यांच्यावर एकही टोपली नको, या मताशी मी आजही ठाम आहे. वळ उठलेला दंड माझाच होता. पण पुलावर दुकान नको म्हणजे स्टेशनवर दुकान नको, असं नाही. ही दोन वाक्यं मी तेव्हा एकच समजत होते.

नंतर थोडं वाचलं, वकिलीण मैत्रिणीला विचारलं. दीडशे मीटरची मर्यादा २०१७ ची नव्हेच. सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या फेरीवाल्यांच्या प्रकरणात डिसेंबर २००३ मध्येच ती घातली होती. त्याच निकालात देवळं, शाळा, इस्पितळं यांच्यापासून शंभर मीटरची मर्यादा होती. गंमत पाहा, देवळांच्या बाबतीत न्यायालयानं एक सवलत ठेवली : भक्तांना देवाला वाहायला जे लागतं, फुलं, नारळ, उदबत्त्या, ते विकणाऱ्यांना बाहेर बसू द्यावं. मला हे फार पटलं. देवळात जाणाऱ्याला दारातच फूल लागतं, पलीकडच्या चौकातलं चालत नाही. मग संध्याकाळी साडेसातला गाडीतून उतरणाऱ्या बाईला काय लागतं, याचा विचार कोणी का केला नाही? तिला दारात भाजी लागते. पुढं २०१४ चा फेरीवाल्यांचा कायदा आला. त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश बायका. कागदावर सगळं छान आहे. पण त्या समितीसमोर 'संध्याकाळी उतरणारी बाई' म्हणून कोणी बसत नाही. ती तेव्हा लोकलमध्ये उभी असते.

बरं, स्टेशनच्या आत दुकानं नाहीत का? आहेत की! वेफर्स आहेत, बाटलीतलं थंड पेय आहे, समोसे, इडली, मोठ्या स्टेशनांत कॉफीही. चहा-वड्याशी माझं भांडण मुळीच नाही. कर्जतच्या वड्यासाठी आम्ही गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बसणारी माणसं! पण नीट पाहिलं तर फलाटावर जे मिळतं ते उभ्याउभ्या खायचं. ते घरून निघालेल्या माणसाचं आहे. घरी परत जाणाऱ्या बाईचं तिथं काही नाही. भाजीची जुडी नाही, दूध संपल्याचं आठवलं तर दर वेळी मिळेलच असं नाही, अचानक पाळी आली तर यंत्रात नाणं टाकून नशीब आजमावायचं, पोराला ताप असेल तर गोळीसाठी बाहेर पडून पुन्हा आत यायचं. आणि जो हे सगळं आत विकेल तो परवाना नसेल तर गुन्हेगार : १९८९ च्या रेल्वे कायद्याचं १४४ वं कलम, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड.

जिथं कोणीतरी डोकं चालवलं तिथं काय होतं तेही आपण पाहिलं आहे. २०१७ साली मध्य रेल्वेच्या स्टेशनांवर एक रुपयात तपासणी करणारे दवाखाने सुरू झाले. एक रुपयात डॉक्टर काय बघणार, म्हणून आम्ही हसलो होतो. आणि मग ठाण्याच्या, डोंबिवलीच्या स्टेशनात गाडीतच कळा सुरू झालेल्या बायका सुखरूप बाळंत झाल्याच्या बातम्या एकामागून एक वाचल्या. ती दुकानं नव्हेत, सेवा होती. पण जागा तीच ना, फलाटाच्या कडेची चार हात!

आता माझ्या अनुभवाचं सांगते. आमच्या वस्तीतला बचत गट भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करतो. जावेचं ते 'सव्वाआठ' डोक्यात बसलं होतं, म्हणून मी त्यांना म्हटलं, निवडलेल्या भाज्यांची पाकिटं करू आणि स्टेशनवर रीतसर परवान्यानं विकू. एका कार्यालयात गेलो. तिथं मागणी झाली ती अशी : तीन वर्षांचे हिशेब, अशाच धंद्याचा अनुभव, अनामत रक्कम. शेवटचा आकडा ऐकून आमच्या खजिनदार ताईंनी पिशवी काखोटीला मारली आणि म्हणाल्या, "चला, ह्यात आपल्या सगळ्या जणींची मंगळसूत्रं जातील." जिन्यात आम्ही खूप हसलो. हसण्यासारखं नव्हतं ते.

नियम मुळीच नाहीत असं नाही. रेल्वेच्या २०१७ च्या खानपान धोरणात लहान स्टॉलांमध्ये बायकांसाठी तेहतीस टक्के उपकोटा ठेवला आहे. २०२२ च्या अर्थसंकल्पात 'एक स्टेशन, एक उत्पादन' ही योजना आली. स्थानिक कारागीर, बचत गट यांना ठरावीक दिवसांसाठी थोड्या शुल्कात स्टॉल मिळतो. आमच्या ओळखीच्या एका गटाला असा स्टॉल मिळाला होता. पंधरा दिवसांत त्यांचा मसाला संपला, लोक पत्ता विचारू लागले, आणि पंधरा दिवस संपले! पुढची पाळी दुसऱ्यांची. त्यांची तक्रार नाही, दुसऱ्यांनाही मिळायला हवंच. पण रोजची पोळी लागणाऱ्या माणसाला पंधरा दिवसांचं आमंत्रण पुरत नाही. आणि तेहतीस टक्क्यांचं म्हणाल तर माझी एक शंका आहे. परवाना बाईच्या नावावर आणि गल्ल्यावर भाऊजी, असं सरपंचाच्या खुर्चीत आपण पुष्कळ पाहिलं. स्टॉलवर तसं होत नाही ना, हे कोण तपासतं?

दुसरीकडं हे जमलेलं आहे. कोचीची मेट्रो जून २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा स्टेशनांवरची तिकीट खिडकी, साफसफाई, प्रवाशांना मदत ही कामं 'कुटुंबश्री'च्या बायकांकडे दिली गेली. कुटुंबश्री म्हणजे केरळ सरकारनं १९९८ मध्ये सुरू केलेली बचत गटांचीच चळवळ. त्या बायकांकडूनही आधी तीन वर्षांचा मेट्रोचा अनुभव मागितला असता तर? जपानमध्ये रेल्वे कंपन्यांनी स्टेशनात आणि स्टेशनांजवळ पाळणाघरं काढली आहेत. सकाळी मूल सोडायचं आणि तीच गाडी पकडायची. हे वाचून मी जावेला सांगितलं तर ती म्हणाली, "पाळणाघर राहू द्या वहिनी, आधी स्वच्छ संडास द्या. कामावरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत मी पाणी पीत नाही." त्यावर मी काय बोलणार?

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे आत्ता नकाशे निघताहेत. 'अमृत भारत' योजनेत मुंब्रा, दिवा, शहाड, टिटवाळा ही आपल्या भागातली स्टेशनं आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो येते आहे. कल्याण स्टेशनचा परिसर बदलतो आहे. या नव्या इमारतींत 'व्यापारी गाळे' असणारच, कारण भाड्यातून पैसा मिळतो. त्यात वाईट काही नाही, तिकीट स्वस्त ठेवायला तो पैसा लागतो. प्रश्न इतकाच की ते गाळे कोणाला परवडणार? चकचकीत काचेच्या मोठ्या गाळ्यात कसाऱ्याची मावशी येणार नाही. तिला चार फूट लांबीचा ओटा हवा, डोक्यावर पत्रा, एक नळ, आणि तो दिवसाच्या भाड्यानं. सकाळी येईल, भाडं भरेल, साडेआठच्या गाडीनं जाईल. जिना उतरल्यावर, माणसांच्या वाटेच्या बाहेर, पण रिक्षाच्या रांगेच्या अलीकडं असे पंचवीस-तीस ओटे नकाशावर काढायला काय हरकत आहे? वाट आधी आखा, तिथं कोणीही बसायचं नाही, माझ्या मामाचा मुलगा असला तरी. मग उरलेल्या जागेत ओटे. एक औषधाचं दुकान, एक दुधाचं केंद्र, सॅनिटरी पॅड मिळेल अशी खिडकी, आणि स्वच्छ, दिवा लागणारं, कडी असलेलं स्वच्छतागृह. यात अवघड काय आहे ते मला खरंच समजत नाही.

१६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली. आपली ही गावं वाढली ती स्टेशनांभोवती, आणि बाजारही तिथंच भरला. तो कोणी वाकड्या मनानं भरवला नव्हता. माणसं उतरतात तिथं टोपली उतरते.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या गावात लोकल नसेल, एसटी स्टँड असेल. तिथंही हेच पाहा. हिरकणी कक्ष आहे का, आणि असला तर त्याची किल्ली कोणाकडं असते? फाटकाबाहेर उन्हात बसलेल्या जांभूळ-करवंदवालीला आत सावलीत ओटा का नाही? गटाचा अर्ज कोणाकडं करायचा? विचारायला जाल तेव्हा एकट्या जाऊ नका, आणि माझ्यासारखी चूक करू नका. संध्याकाळच्या गाडीनं उतरणाऱ्या बाईला आधी गाठा.

आम्ही मंडळातर्फे नवा अर्ज करतो आहोत. या वेळी सह्या दुपारी दारोदार हिंडून नाही, साडेसातच्या सुमाराला जिन्याखाली उभं राहून घेतो. थांबायला कोणाला वेळ नसतो. चालता चालता विचारतात, "कशाबद्दल आहे?" मी सांगते, "भाजीसाठी जागा आणि संडास." बहुतेक जणी थबकतात, पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि सही करतात. एकीनं तर सही करून झाल्यावर पेन आपल्याच पर्समध्ये टाकलं आणि रिक्षात बसली! दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला आणून दिलं.

मावशी या वर्षी जूनमध्ये पुन्हा आली होती. शेवळं घेतली. तिनं वाटा बांधला, वर मूठभर काकडं टाकली आणि नेहमीसारखं बजावलं. मी तिच्यापुढं अर्ज धरला. सही येत नाही म्हणाली, अंगठा चालेल का विचारलं. अंगठ्याला लावायला शाई नव्हती. शेजारच्या फुलवाल्याकडून चिमूटभर कुंकू घेतलं, पाण्यात कालवलं, आणि तिनं अंगठा टेकवला. मग टोपली डोक्यावर घेऊन घाईघाईनं जिना चढायला लागली. साडेआठच्या गाडीला दहा मिनिटं होती.